कानावर पडलेली वकिली
(प्रस्तावना)

नव्या अशिलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ऑफिस कुठे आहे तुमचं? गेली काही वर्षं मी ज्या फर्मबरोबर काम करते आहे, तिथे या प्रश्नाला एका दमात उत्तर देता येत नाही. मी पुण्यात असते. माझे एक भागीदार नागपुरात बसतात. दोघी ज्युनियर सांगली आणि लातूरला आपापल्या घरून काम करतात, हिशेब ठाण्यातून बघितला जातो आणि आमचे कारकून रोज सकाळी मुंबईत हायकोर्टाच्या फायलिंग काउंटरसमोर उभे असतात. फर्मच्या नावाची पाटी कुठल्याच दारावर नाही. हे सांगितलं की फोनवर पलीकडे क्षणभर शांतता पसरते. त्या शांततेत एक रास्त शंका असते: उद्या काही बिघडलं, तर मी कुणाच्या दारात जाऊन उभा राहू?

हा संग्रह त्या नसलेल्या दाराच्या आत काम करणाऱ्यांनी लिहिला आहे. त्यातले बहुतेक जण ज्युनियर आहेत. अमेरिकेत त्यांना असोसिएट म्हणतात आणि आपल्याकडच्या मोठ्या फर्म्समध्येही आता तोच शब्द रुळला आहे. भागीदार नसलेला, फर्मसाठी मसुदे लिहिणारा, निवाडे शोधणारा, तारखा सांभाळणारा वकील म्हणजे असोसिएट. तो दाव्यांचं काम करत असेल, तर लिटिगेशन असोसिएट. असा वकील चेंबरमध्ये कधीच बसत नसेल, तर त्याचं काम कसं चालतं आणि तो वकिली शिकतो कसा, हा या पुस्तकाचा विषय आहे.

घरून काम करायची मुभा देणारी फर्म आणि विखुरलेली फर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला मध्यवर्ती ऑफिस असतं, लोक आठवड्यातले काही दिवस तिथून बाहेर राहतात. दुसरीत परत यायला ऑफिसच नसतं. इंग्रजीत तिला ‘डिस्ट्रिब्युटेड’ म्हणतात. आम्ही विखुरलेली हा साधा शब्द घेतला. अशा फर्ममध्ये सामायिक काय उरतं? नाव, कागदपत्रांचं एक भांडार, तारखांचं एक कॅलेंडर आणि हिशेब. शिवाय नवा अशील घेण्याआधी जुन्या अशिलाशी हितसंबंध आडवे येतात का, हे तपासण्याची एक शिस्त. अशा फर्मच्या भिंती एवढ्याच, म्हणून त्या पक्क्या असाव्या लागतात.

दूर बसून दावा लढवणं आपल्याला वाटतं तितकं नवं नाही. लोकमान्य टिळक ज्यात वर्षानुवर्षं अडकले, ते ताईमहाराज प्रकरण आठवा. वाद एका दत्तकविधानाचा होता. ते १९०१ मध्ये औरंगाबादला झालं, दावा पुण्याच्या कोर्टात चालला, मुंबई हायकोर्टाने १९१० मध्ये निकाल फिरवला आणि १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो पुन्हा टिळकांच्या बाजूने दिला. ज्यांनी अखेरचा निकाल दिला, त्यांनी यातला एकही साक्षीदार डोळ्यांनी पाहिला नव्हता. त्यांच्यापुढे होते छापलेले कागद. आणि त्या कागदांवरूनच त्यांनी सांगितलं, की एखाद्या मुद्द्यावर साक्षीदाराला खोटं ठरवायचं असेल, तर तो मुद्दा उलटतपासात त्याच्यासमोर ठेवायला हवा. हा दंडक आपली कोर्टं आजही या निवाड्याच्या आधाराने सांगतात. १९४९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलचा अधिकार संपेपर्यंत आपल्याकडची अपिलं बोटीने समुद्रापार जात. इथला वकील तिथल्या सॉलिसिटरला पत्राने सूचना देई आणि उत्तराची आठवडेच्या आठवडे वाट बघे. पेपरबुकात, म्हणजे त्या छापील कागदांच्या संचात, जे आलं नाही, ते न्यायाधीशांपर्यंत पोचणारच नाही, हे त्या वकिलाला पक्कं ठाऊक असे. आजच्या दूरस्थ ज्युनियरला पहिल्याच महिन्यात हेच शिकावं लागतं.

आजच्या अर्थाची विखुरलेली फर्म मात्र अमेरिका आणि इंग्लंडमध्ये जन्मली, आणि त्याचं कारण तिथल्या दाव्यांच्या स्वरूपात आहे. मार्क गॅलंटर या अभ्यासकाने २००४ मध्ये दाखवून दिलं, की अमेरिकेच्या संघीय कोर्टांत निकाली निघालेल्या दिवाणी प्रकरणांपैकी प्रत्यक्ष सुनावणीपर्यंत पोचणारी १९६२ मध्ये ११.५ टक्के होती आणि २००२ पर्यंत ती १.८ टक्क्यांवर आली. बाकीची तडजोडीत, अर्जांवर किंवा अधल्यामधल्या हुकमांवर संपतात. म्हणजे तिथला लिटिगेशन असोसिएट वर्षानुवर्षं कोर्टरूममध्ये फारसा उभाच राहत नाही. तो प्रतिपक्षाकडून कागद मागवतो, आलेले हजारो ई-मेल वाचतो, घटनांचा कालक्रम लावतो, कुठला कागद वकील-अशील गोपनीयतेत येतो याची नोंदवही करतो आणि डिपॉझिशनचे, म्हणजे सुनावणीआधी कोर्टाबाहेर घेतल्या जाणाऱ्या शपथेवरच्या जबानीचे, प्रश्न तयार करतो. तिथल्या नियमांनुसार पक्षांच्या संमतीने किंवा कोर्टाच्या हुकमाने ही जबानी दूरस्थ साधनाने घेता येते. भर कोर्टात मात्र दुरून साक्ष द्यायची तर सबळ कारण आणि निकडीची परिस्थिती दाखवावी लागते. कामाचा एवढा मोठा भाग कागदावर चालतो म्हटल्यावर तो मॅनहॅटनमधल्या चाळिसाव्या मजल्यावरच का व्हावा, हा प्रश्न कुणाला तरी पडणारच होता.

तो पडल्यावर निघालेल्या वाटा एकसारख्या नव्हत्या. २००२ मध्ये अटलांटात फिशरब्रॉइल्स ही फर्म सुरू झाली. तिने ऑफिसं काढून टाकली आणि त्यांच्याबरोबर असोसिएटही काढून टाकले. सगळे भागीदार, सगळे अनुभवी, प्रत्येक जण आपल्या गावी. पुढे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या २०० फर्म्सच्या यादीत ती पोचली आणि २०२४ च्या सुरुवातीला तिच्यातूनच शंभराहून अधिक भागीदारांनी बाहेर पडून पियर्सन फर्डिनांड ही नवी फर्म काढली. लंडनमध्ये २००२ मध्येच आजच्या कीस्टोन लॉची सुरुवात झाली. तिथे वकील स्वतंत्र राहतो, मिळालेल्या फीचा ७५ टक्क्यांपर्यंतचा वाटा ठेवतो, आणि नियमपालन, विमा, हिशेब यांचा भार मध्यवर्ती कंपनी उचलते. ही कंपनी २०१७ मध्ये शेअर बाजारातही आली. ज्येष्ठ वकिलाला हाताखाली ज्युनियर हवा असेल, तर तो आपल्या खर्चाने ठेवतो. या दोन्ही घराण्यांचा पाया एकच आहे: वकील तयार होऊन येतो. तो तयार कुठे झाला, हे त्यांनी विचारलं नाही, कारण ते काम दुसऱ्या फर्म्स करत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये पॉल क्रॅव्हथ यांनी बसवलेली पद्धत म्हणजे उत्तम गुणांचे ताजे पदवीधर घ्यायचे, त्यांना एकेका ज्येष्ठाच्या हाताखाली फिरवायचं, घडवायचं आणि न जमणाऱ्याला निरोप द्यायचा. विखुरलेल्या फर्म्सनी त्या पद्धतीचं पीक कापलं. पेरणी दुसऱ्याच्या शेतात झाली होती. मला हा या सगळ्या क्षेत्राचा कच्चा दुवा वाटतो, आणि पुस्तकाचं संपादन करायला मी तयार झाले ती याच कारणाने.

तिसरी वाट आपल्या अंगणातून जाते आणि तिचा उल्लेख फार कमी होतो. २००४ मध्ये स्थापन झालेल्या पँजिआ-थ्री या कंपनीने मुंबईत आणि नंतर दिल्लीजवळ नोएडाला भारतीय वकिलांकडून अमेरिकी दाव्यांतली कागदतपासणी सुरू केली. २०१० मध्ये थॉमसन रॉयटर्सने आणि २०१९ मध्ये ईवायने ती विकत घेतली. अमेरिकन बार असोसिएशनने २००८ मध्ये मत दिलं होतं, की असं काम बाहेर देता येईल, पण देखरेखीची आणि गोपनीयतेची जबाबदारी देणाऱ्या वकिलाचीच राहील. या व्यवसायात आलेले आपले कित्येक पदवीधर दूरस्थ लिटिगेशन असोसिएटचंच काम करत होते. फक्त त्यांना कुणी तसं म्हटलं नाही आणि त्यांचं नाव कुठल्या कैफियतीखाली आलं नाही. दहा हजार ई-मेलांतून कामाचा एक कसा वेचायचा, हे त्यांच्याइतकं थोड्यांनाच येतं. या संग्रहात त्यांच्यापैकी दोघींचे लेख आहेत आणि ते मी स्वतः मागे लागून लिहवून घेतले.

कायद्याने या सगळ्याला सुखासुखी वाट दिली नाही. बाहेरच्या राज्यात राहणाऱ्या वकिलाला न्यूयॉर्कमध्ये वकिली करायची, तर तिथे प्रत्यक्ष ऑफिस हवं, असा एकोणिसाव्या शतकातला एक नियम होता. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वकील महिलेने त्याला आव्हान दिलं. २०१६ मध्ये संघीय अपील कोर्टाने नियम उचलून धरला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच बजावलं होतं, की तिथली सनद नसलेला वकील राज्यात पाऊल न टाकताही, फोन, फॅक्स किंवा कॉम्प्युटरच्या वाटेने तिथे अनधिकृत वकिली करू शकतो. शरीर एकीकडे आणि सनद दुसरीकडे असेल, तर वकील नेमका कुठे असतो? डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने यावर मत दिलं. आपल्या सनदेच्या राज्याचं काम वकिलाने दुसऱ्या राज्यातल्या घरी बसून करायला हरकत नाही; मात्र त्या दुसऱ्या राज्याने ते निषिद्ध ठरवलेलं नसावं, आणि आपण तिथलेच वकील आहोत असं त्याने भासवू नये.

आपल्याकडे हा अडसर नाही. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचं कलम ३० अखेर २०११ मध्ये अमलात आलं आणि एका राज्याची सनद देशभर चालते. आपली अडचण वेगळी आहे. आपला दावा कागदावर कमी आणि तारखेवर जास्त चालतो. बोर्डावर मॅटर कितवं आहे, साहेब आज बसणार आहेत का, समोरचा वकील तहकुबी मागणार का, हे कोर्टात असलेल्या माणसालाच कळतं. म्हणून अमेरिकी नमुना जसाच्या तसा उचलून आणणाऱ्यांची इथे फसगत होते. मी तशी एक फर्म जवळून पाहिली. सॉफ्टवेअर उत्तम होतं आणि शिरस्तेदाराला ओळखणारा एकही माणूस नव्हता.

तरी वाट उघडत गेली आहे, आणि तिची पहिली मोठी खूण महाराष्ट्राच्या नावावर आहे. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या मुंबईच्या खटल्यात न्यूयॉर्कमधले एक डॉक्टर साक्षीला भारतात यायला तयार नव्हते. हायकोर्टाने व्हिडिओवरची साक्ष नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ती मान्य केली आणि आरोपीसमोर साक्ष होणं म्हणजे साक्षीदाराने देहाने हजर असणंच नव्हे, असा अर्थ लावला. पुढची वाटचाल सरळ नव्हती. २०१७ मध्ये कौटुंबिक वादांत सरसकट व्हिडिओ सुनावणीला त्याच न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी आवर घातला. नवरा-बायको समोरासमोर आले, तर समेटाची शक्यता राहते, हे त्यामागचं एक कारण. आणि ते मला आजही टाकाऊ वाटत नाही. मग व्हिडिओ सुनावणीबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा ६ एप्रिल २०२० चा आदेश आला आणि महासाथीत कोर्टं पडद्यावर गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कुठल्याही हायकोर्टाने व्हिडिओ किंवा संमिश्र सुनावणीची सोय नाकारू नये. मुंबई हायकोर्ट आज मुंबई, नागपूर, औरंगाबाद, गोवा आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच अशा पाच जागी चालतं. जे न्यायालयच विखुरलेलं आहे, त्याच्यासमोर काम करणारी फर्मही विखुरलेली असावी, यात मला काही विपरीत दिसत नाही.

आता ज्युनियरकडे येते.

मी ज्युनियर होते तेव्हा माझ्या साहेबांनी मला बसवून काही शिकवल्याचं आठवत नाही. टेबलाच्या कोपऱ्याशी मी फाइल चाळत असे आणि ते अशिलाशी बोलत असत. अशील गेल्यावर चष्मा काढून म्हणत, “तारीख सांगताना अडखळला, बघितलंस?” मी बघितलेलं नसे. पुढच्या वेळी बघू लागले. कोर्टातून परत येताना टॅक्सीत ते स्वतःशीच पुटपुटत: तो प्रश्न विचारायला नको होता. त्या पुटपुटण्यातून मी उलटतपास शिकले. कुठला मुद्दा सोडून द्यायचा, न्यायाधीशांची मान कधी वळली, समोरच्या वकिलाला बाररूममध्ये काय म्हणायचं आणि काय नाही, हे सगळं कानावर पडलं. ते मला उद्देशून नव्हतं, म्हणूनच मोलाचं होतं.

विखुरलेल्या फर्ममध्ये उद्देशून न बोललेलं काहीच ऐकू येत नाही. प्रत्येक बोलणं ठरवून, वेळ घेऊन, कामापुरतं होतं. याची किंमत मला एका चुकीतून कळली, आणि चूक माझी होती. आमच्या लातूरच्या ज्युनियरने एका व्यापारी दाव्यातली कैफियत लिहून पाठवली. वादीच्या एका विधानावर तिने मोघम नकार दिला होता. तिथे मुद्देसूद, कारणांसह नकार हवा होता. समन्स बजावल्यापासूनचा १२० दिवसांचा काळ संपत आला होता. तो उलटला तर व्यापारी दाव्यात कैफियत दाखल करण्याचा हक्कच जातो. मी रात्री बसून परिच्छेद दुरुस्त केला आणि फाइल पुढे पाठवली. का बदललं, ते सांगितलं नाही. काही महिन्यांनी दुसऱ्या दाव्यात तिने तसाच मोघम नकार लिहिला. मी विचारल्यावर म्हणाली, “मॅडम, मागच्या वेळी तुम्ही बदललंत ते मी पाहिलं. मला वाटलं, भाषा आवडली नसेल.” चेंबरमध्ये असती, तर माझा वैताग तिला ऐकू आला असता आणि त्यातून कारणही कळलं असतं.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी मुद्दाम करतो. मोठा मसुदा दुरुस्त करताना ज्युनियर फोनवर असते आणि मी मनातलं मोठ्याने बोलते. अशिलाच्या परवानगीने ती प्रत्येक कॉन्फरन्सला हजर राहते, गप्प राहूनसुद्धा. सुनावणी संपली की दहा मिनिटांचा फोन होतो, त्यात कामाचं काही ठरवायचं नाही, फक्त काय घडलं ते बोलायचं. आणि महिन्यातले काही दिवस प्रत्येक ज्युनियरने जवळच्या कोर्टात जाऊन बसायचं, स्वतःचं मॅटर नसलं तरी. हे उपाय अपुरे आहेत, तरी ते केल्यावाचून ज्युनियर घडत नाही, अशी माझी खात्री झाली आहे.

काही बाबतीत मात्र दूर बसलेला ज्युनियर चेंबरमधल्यापेक्षा सरस ठरतो. पुरावाच आता फोनमध्ये आणि सर्व्हरवर असतो. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक वादातून आलेल्या ‘अर्जुन पंडितराव खोतकर’ निवाड्याने २०२० मध्ये स्पष्ट केलं, की मूळ साधनच कोर्टात हजर केलेलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत आणि फाइलची हॅश किंमत, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, हीसुद्धा नोंदवावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते स्क्रीनशॉट छापून जोडणारे वकील मी आजही पाहते. जी मुलगी रोज फक्त डिजिटल फायलींवर काम करते, ती ही चूक करत नाही.

या कामाने कुणाला दार उघडलं, तेही सांगायला हवं. मुंबईत ज्युनियर म्हणून राहायचं, तर पहिली काही वर्षं घरातूनच पैसे यावे लागतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावं, अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे. २० हजारांत मुंबईत खोली मिळवून जेवणारा ज्युनियर कसा जगतो, हे ज्याने त्याने मोजावं. सांगलीतल्या घरी राहून हायकोर्टाच्या कामाचा मसुदा लिहिता येतो, म्हणून वकिलीत टिकलेल्या मुली मी ओळखते. त्यांतली एक बाळंतपणानंतर सनद बासनात बांधायला निघाली होती. दुसरीकडे, याच सोयीचा फायदा घेऊन रात्री अकराला फाइल पाठवणारे आणि सकाळी सातला ती मागणारे ज्येष्ठही आहेत. घर हेच चेंबर झालं, की चेंबर बंद करायची वेळ ठरवून घ्यावी लागते. यावर इथे जे लेख आले आहेत, ते वाचताना मला अपराधी वाटलं.

संग्रहाची मांडणी फर्मच्या प्रकारांवरून न करता दाव्याच्या प्रवासावरून केली आहे: अशिलाचा पहिला फोन, नोटीस, मसुदा, दाखल करणं, तारखा, साक्षी, युक्तिवाद, निकालाची नक्कल. प्रत्येक टप्प्यावर कोण कुठे बसलं होतं आणि त्याने काय बिघडलं किंवा सुधारलं, ते लेखकांनी सांगितलं आहे. अशिलांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. परदेशात काम करणाऱ्या मराठी वकिलांचे लेख वेगळे न ठेवता त्या त्या टप्प्यावर घातले आहेत, म्हणजे डिपॉझिशन आणि आपला सरतपास शेजारी शेजारी वाचता येतील. फौजदारी कामावर मजकूर कमी आहे. कोठडीतल्या माणसाला वकिलाने प्रत्यक्ष भेटलंच पाहिजे, या मताची मी आहे आणि निवडीत ते मत उतरलं असणार. हे पुस्तक नव्या सनदधारकांसाठी आहे, तसंच त्यांना दुरून राबवणाऱ्या आमच्यासारख्यांसाठीही.

एक लेख सर्वांत उशिरा आला. आमच्या कारकुनांना मी लिहायला सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, लिहिणं मला जमायचं नाही, सांगतो. मग तीन संध्याकाळी ते फोनवर बोलले आणि सांगलीच्या ज्युनियरने ते उतरवून घेतलं. त्यात त्यांचा पूर्ण दिवस आहे: साडेदहाच्या आत काउंटर गाठणं, हरकती निघाल्या की कुठल्या पानावर निघाल्या त्याचा फोटो काढून आम्हाला पाठवणं, आणि नंबर पुकारला जाईपर्यंत दाराशी थांबणं. आम्ही पाच गावांत बसून जे काम करतो, ते रोज त्यांच्या हातातून कोर्टात जातं. त्यांच्या बोलण्यातला एकही शब्द आम्ही बदललेला नाही. तो लेख सर्वांत आधी छापला आहे.